समय्याचं सरण

नागपूरच्या लकडगंजातल्या आरागिरण्यांच्या पाठीमागे चौदा खोल्यांची एक ओळ होती. लोक तिला आरा गल्ली म्हणत. सकाळी आठला आरे सुरू झाले की दिवस मावळेपर्यंत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे, आणि लाकडाचा भुसा कुठे नव्हता ते विचारा. वरणात भुसा, गादीत भुसा, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या कानात भुसा. असल्या ठिकाणी राहायला कोण येणार? ज्याला दुसरीकडचं भाडं झेपत नाही तो येणार. म्हणून तर तिथे नाना मुलखांची माणसं गोळा झाली होती. छत्तीसगडातून आलेली प्रयागबाई होती, ती बांधकामावर विटा वाहायची. टेबल-खुर्च्यांना पॉलिश करणारा हबीबभाई होता. पारशिवनीकडचा रुपराव होता, तो गिरणीतच कामाला. दोन सिंधी बिऱ्हाडं होती, एक ख्रिस्ती नर्स होती. आणि सात नंबरच्या खोलीत मार्तंडराव होते.

मार्तंडराव कोर्टात नक्कलनवीस होते. निकालांच्या नकला उतरवण्यात त्यांचा जन्म गेला. पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात होते असं ते सांगत, आणि ते खोटं म्हणायला मागे कोणी उरलंही नव्हतं. गल्लीत आले ते दोन महिन्यांची सोय म्हणून. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. नोकरी संपून पेन्शन सुरू झाली, तरी ते गल्ली सोडायचं नाव काढत नव्हते, कारण इथे त्यांना मान होता. बारसं असो, भांडण असो, रेशन कार्ड असो, मार्तंडरावांना विचारा, हे ठरलेलं. आणि विचारल्यावर त्यांना उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं. निदान त्यांना स्वतःला तरी तसं आठवत नव्हतं.

सगळ्यात जास्त अभिमान त्यांना एका गोष्टीचा होता. गल्लीत कोणी गेलं तर त्याचं सगळं त्याच्या रीतीनं व्हायचं, आणि चौदाही खोल्या सोबत जायच्या. नर्सच्या आईला पुरलं तेव्हा मार्तंडराव टोपी काढून उभे राहिले होते. हबीबभाईच्या वडिलांच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिला होता, आणि घरी आल्यावर आंघोळ करताना यमुताईंना म्हणाले होते, "माणूस जगतो कसाही, पण जाताना तो आपल्या घरचा असला पाहिजे." यमुताईंनी नुसतं पाणी ओतलं. नवऱ्याची वाक्यं त्यांना पाठ होती.

समय्या एक नंबरच्या खोलीत एकटा राहायचा. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. गिरणीत आऱ्यांच्या पात्यांना धार लावायचं काम तो करायचा. दिवसभर कानस हातात, आणि पुढ्यात बोटभर लांब दाते. गाव सिरोंच्याच्याही पलीकडे, नदीपार. बोली तेलुगू. गल्लीत ती भाषा कोणालाच येत नव्हती, पण अडलं कोणाचं? सहा वर्षांत पोरगा हिंदी-मराठीची खिचडी झकास बोलायला लागला होता. रविवारी तो यमुताईंकडे जेवायचा आणि जेवणाआधी सगळी घागर-कळशी भरून द्यायचा. त्यांच्याकडे बापाला बापू म्हणतात. तो मार्तंडरावांना बापू म्हणायचा.

मार्तंडरावांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्या हाकेनं त्यांचं काय व्हायचं ते सांगायला नको. वर वर मात्र ते खेकसायचे, "काय गा, काय बापू बापू लावलंय!"

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, विहिरींचे तळ दिसत होते, आणि नागपूरचं ऊन म्हणजे आधीच काही विचारू नका. भर दुपारी रुपराव धावत आला.

"मार्तंडराव, चाला जी लवकर! समय्याले ऊन लागलं. कसाच करून राहिला."

गिरणीच्या पत्र्याखाली समय्या पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. यमुताईंनी कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजायला पाहिलं, ते ओठांतून ओघळलं. रिक्षात घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, डॉक्टर येऊन गेले. उजाडायच्या सुमाराला त्याने डोळे उघडले. मार्तंडरावांकडे बघून काहीतरी बोलला, आपल्या भाषेत. पुन्हा तेच बोलला. तिसऱ्यांदाही बोलला. मार्तंडरावांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "हो रे बाबा, हो." थोड्या वेळानं सगळं संपलं.

मार्तंडराव दवाखान्यातून थेट तारघरात गेले. पत्ता त्यांना ठाऊक होता, कारण समय्याच्या मनिऑर्डरीचे फॉर्म तेच भरून देत. सिरोंच्याच्या पोस्टात, तिथून कोणाच्या तरी हाती गावात. तार इंग्रजीत लिहिली: समय्या सिरियस, ताबडतोब निघा. मेला असं तारेत लिहायचं नसतं. आईबाप वाटेतच खचून पडतात, म्हणून 'सिरियस' लिहायचं, आणि वाचणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. मार्तंडरावांनी उभ्या आयुष्यात अशा वीस-पंचवीस तारा लोकांना लिहून दिल्या होत्या. खाली सही त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात केली. बाहेर येऊन मात्र ते पायरीवर बसले आणि पोटभर रडले.

प्रेत दवाखान्यात ठेवायला ते तयार झाले नाहीत. "बेवारशासारखं? आपण चौदा घरं जिवंत असताना?" असं म्हणून त्यांनी ते गल्लीत आणलं. गिरणीमालकाने बर्फाच्या लाद्या पाठवल्या. त्या भुशात गाडून, वर तरटं टाकून, समय्याला एक नंबरच्या खोलीत निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट तार आली: आई आणि काका निघाले. रुपरावने बोटं मोजली. सिरोंच्याहून चांदा, चांद्याहून नागपूर, रस्ते तसले. दोन दिवसांच्या आत काही येत नाहीत. आणि बर्फ दुपारीच पाणी होऊन उंबऱ्याबाहेर यायला लागला होता.

तेव्हा सगळे खोलीसमोर जमले. हबीबभाई थोडा वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, "मार्तंडराव, बुरा मत मानना. हमारे में एक रिवाज है. परदेस में कोई गुजर गया तो उसको अमानत करके जमीन में रखते. घरवाले आए तो उनकी चीज उनको सौंप देते. फिर वो जो चाहे सो करें."

मार्तंडरावांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे पुरायचं?"

"रखने का. दो-चार दिन."

"अहो, दर सोमवारी भस्म लावणारं पोर ते! खोलीत महादेवाची तसबीर आहे. त्याला पुरून ठेवायचं आणि त्याच्या आईला सांगायचं, बाई, घ्या उकरून? ती काय म्हणेल आपल्याला?"

प्रयागबाई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मार्तंडभाऊ, आपल्याले त्याच्या घरची रीत मालूम हाय का? नाही ना? मंग असं करा ना, जे मागं फिरवता येईन."

बोलणं सरळ होतं, अडाणी माणसालाही पटेल असं. मार्तंडरावांनाही ते कळलं होतं, ही खरी रडकथा. पण त्यांच्या मनात सकाळपासून एक गोष्ट बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. ह्या पोराला आपण अग्नी द्यायचा. सहा वर्षं बापू म्हणाला, तर निदान एकदा बापाचं काम करायचं. मुलाने बापाला द्यायचा अग्नी बापाने मुलाला द्यायचा, हे उलटंच होतं, पण त्यांच्या नशिबात सुलटं यायचंच नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्यावर सोडा. मी जाणतो." आणि मार्तंडराव जाणतात म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? हबीबभाई मान खाली घालून बांबू आणायला गेला.

अंत्ययात्रा मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. मालकाने गिरणी अर्धा दिवस बंद ठेवली. चांगलं वाळलेलं सागाचं लाकूड हातगाड्यांवर घालून घाटावर पोचतं केलं, वर चंदनाचे तुकडे दिले. ज्या पात्यांना समय्याने धार लावली त्याच पात्यांनी ते लाकूड कापलेलं होतं. हबीबभाईने तिरडी बांधली, नर्सने हार आणला, सिंधी बिऱ्हाडांतून तूप आलं. मार्तंडरावांनी खांद्यावर मडकं घेऊन फेरे घातले आणि अग्नी दिला. "असं सरण त सावकारालेही भेटत नाही जी," रुपराव म्हणाला, आणि त्या दुःखातही मार्तंडरावांना बरं वाटलं.

गेल्यापासून तिसऱ्या दिवशी त्यांनी अस्थी गोळा केल्या. यमुताई म्हणाल्या, "अहो, त्याची आई येईपर्यंत थांबू या का?" पण तिसऱ्याचं तिसऱ्याला झालंच पाहिजे, त्यात मार्तंडराव हयगय करतील तर ते मार्तंडराव कसले! कामठीला जाऊन कन्हानच्या पात्रात त्यांनी अस्थी सोडल्या. सगळं वेळच्या वेळी, शास्त्राप्रमाणे झालं. थोडा आळशी माणूस असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी बाराच्या सुमाराला ती दोघं आली.

आई ठेंगणी, काळीसावळी होती, अनवाणी. हातात पळसाच्या पानात बांधलेली कसली तरी मुळी. काकाने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. जंगलात ठेकेदाराकडे राहून तो तोडकंमोडकं हिंदी शिकला होता. गल्लीच्या तोंडाशी आल्याबरोबर त्याने विचारलं, "समय्या कैसा है? दवाई लाया हम लोग."

तार वाचून माणूस काय ते समजून घेतो, हे नागपुरात. नदीपारच्या त्या गावात तार आयुष्यात पहिल्यांदा आली होती. वाचणाऱ्याने सिरियस म्हणजे फार आजारी असं सांगितलं, आणि आई रानात जाऊन मुळी खणून घेऊन आली.

त्यांना सात नंबरात बसवलं, पाणी दिलं. मार्तंडराव प्रवासाचं, उन्हाचं विचारत राहिले. शेवटी यमुताईंनीच त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि मान हलवली. बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग दिराकडे बघितलं. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो आऱ्यांच्या आवाजातही गल्लीभर ऐकू गेला. प्रयागबाई धावत आली आणि तिला पोटाशी धरून बसली. गल्लीतली माणसं दाराशी उभी राहिली.

रडणं ओसरल्यावर बाईने पदराने तोंड पुसलं आणि दिराला काहीतरी विचारलं. तो मार्तंडरावांकडे वळला.

"पूछती है, किधर रखा उसको?"

"रखा नहीं," मार्तंडराव म्हणाले. "अग्निसंस्कार किया. पूरी विधि से. मैंने खुद किया."

काकाला आधी कळलं नाही. मग कळलं. "जलाया?"

"हाँ."

काकाने हे वहिनीला सांगितलं नाही. त्याने डोक्याचा टॉवेल सोडून मांडीवर ठेवला. मग हलक्या आवाजात, शब्द शोधत शोधत, तो मार्तंडरावांना सांगू लागला. आमच्या घरात जाळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नाही. आमचा माणूस जमिनीत ठेवतात, आपल्या शेताच्या कडेला. लांब कुठे मेला तर तिथे पुरतात आणि त्या खड्ड्यातली मूठभर माती घरी नेऊन शेतात मिळवतात. मग तो घरी परत येतो. घरात पुढचं मूल झालं की त्याच्या अंगावर त्याची खूण बघतात. समय्याच्या बहिणीला आता सातवा महिना आहे. जाळलेला परत येत नाही, त्याला वाट सापडत नाही.

"तार में लिखा था सिरियस," काका म्हणाला. "मर गया लिखते तो मैं सिरोंचा वाली तार में ही लिखता. जलाना नहीं, हम आते हैं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मार्तंडरावांना काहीतरी धरायला मिळालं असतं. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं." हे त्यांनी मराठीत म्हटलं, आणि ते कोणासाठी म्हटलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दाराशी हबीबभाई उभा होता. आत्ता तो बोलू शकत होता, आणि बोलला असता तर खोटं ठरलं नसतं. तो आत आला, काकासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाईजान, हम सबने मिलके तय किया था. पूरी गल्ली ने. गलती सबकी है."

मार्तंडरावांना ते सोसलं नाही. "नाही," ते ओरडलेच. "ह्यांनी सांगितलं होतं मला. प्रयागबाईनेही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी एकट्यानं केलं." पण ते मराठीतच होतं, आणि काका नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाई मात्र सगळ्यांची तोंडं बघत होती. तिने दिराला पुन्हा विचारलं, मग त्याचा दंड धरून हलवलं. आता त्याला सांगावंच लागलं. ऐकून ती रडली नाही. तिने तळहात तोंडावर ठेवला. थोड्या वेळानं काहीतरी पुटपुटली.

"राख मांगती है," काका म्हणाला. "राख को भी मट्टी में रखेगी. कुछ तो होगा."

यमुताईंनी डोळ्यांना पदर लावला. मार्तंडराव भिंतीकडे बघत म्हणाले, "काल सोडली. नदीत."

आणि मग त्यांना एकदम सुचलं. कोर्टात असताना जंगलखात्याच्या एका दाव्याच्या नकला त्यांनी उतरवल्या होत्या, त्यात नद्यांच्या हद्दी होत्या. ते सगळं डोळ्यांपुढे लखलखीत उभं राहिलं. ते पुढे सरकले, फरशीवर बोटाने रेघ ओढू लागले. "देखो, सुनो! ये कन्हान. कन्हान जाती है वैनगंगा में. वैनगंगा को आगे वर्धा मिलती है, और उसकी होती है प्राणहिता. प्राणहिता कहाँ जाती है? सिरोंचा! तुम्हारे गाँव के सामने से! समय्या उसी पानी में है. वो घर ही आएगा. समझे? घर ही आ रहा है वो!"

रुपरावने मान डोलावली, प्रयागबाईनेही हो हो म्हटलं. सगळ्या गल्लीला वाटलं, अरे, हे बरं झालं. मार्तंडरावांनी काढलीच वाट. काकाने ती रेघ नीट बघितली आणि वहिनीला समजावून सांगितली. कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, नावं त्या परक्या भाषेत ओळखू येत होती. बाई लक्ष देऊन ऐकत होती. मार्तंडराव तिच्या तोंडाकडे एखाद्या लहान पोरासारखे बघत होते. ती एकदा हो म्हणाली असती तर त्यांनी तिचे पाय धरले असते.

ती शांतपणे चार शब्द बोलली.

"क्या बोली?" मार्तंडरावांनी विचारलं. काका सांगेना. त्यांनी पुन्हा विचारलं.

"बोलती है, परसों सुबह हम लोग वही नदी पैदल पार करके बस पकड़ने आए." काकाने तळहात पालथा करून फरशीवर ठेवला. "रेती है पूरी. पाँव भी नहीं भीगा."

मार्तंडरावांचं बोट रेघेवरच राहिलं. काल कामठीला त्यांनी मडकं उपडं केलं तेव्हा पाणी घोट्याइतकंच होतं. राख वाहून गेली नव्हती. खडकाच्या कडेला साचून राहिली होती, आणि पाठ फिरवल्यावर मागे बघायचं नसतं म्हणून त्यांनी मागे बघितलं नव्हतं.

बाई उठली. लुगड्याला लागलेला भुसा तिने झटकला. प्रयागबाईने जेवून जा म्हणून खुणेनं विनवलं, तिने हात जोडले. चांद्याची गाडी कितीला आहे, असं काकाने विचारलं.

"अडीचला," मार्तंडराव म्हणाले.